झोळीतून क्रिबमध्ये : ठमीच्या झोपेची नोंदवही

१४ जून
परवा विट्याहून, माहेराहून, सांगलीत आलो. ठमी साडेतीन महिन्यांची आहे. विट्यात ती झोळीत झोपायची. माझ्या आईची जुनी सुती साडी, वर माळवदाची तुळई, आणि दोरी जो मोकळा असेल त्याच्या हातात. इथे विश्रामबागेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. छताला पंख्याच्या हुकाशिवाय काही नाही. हे म्हणाले, "पंखा काढून हुकाला बांधू?" मी नुसती बघत राहिले. मग त्यांनीच विषय बदलला.

रजा १५ ऑगस्टला संपते. २६ आठवडे तेव्हा फार वाटले होते, आता बोटांवर मोजता येतात. १६ला कुपवाड एमआयडीसीत हजर व्हायचंय. तिथल्या एका मशिन शॉपमध्ये मी क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर व्हर्निअर, गेज आणि रिजेक्शनची भांडणं. त्यानंतर दिवसा ठमीजवळ सासूबाई असणार. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षं आखडलाय. दिवसभर दोरी ओढणं किंवा सहा किलोचं पोर मांडीवर हलवत बसणं त्यांना झेपणार नाही, आणि 'झेपत नाही' हे शब्द त्या मरेस्तोवर उच्चारणार नाहीत. म्हणून ही वही. कंपनीतल्या जुन्या इन्स्पेक्शन शीटच्या कोऱ्या पाठी शिवून केलीय. निळं पेन म्हणजे क्रिबमधली झोप, लाल म्हणजे बाहेरची.

क्रिब नणंदेकडून आली. दुकानात तिला बेबी कॉट म्हणतात, सासूबाई पिंजरा म्हणतात.

१५ जून
क्रिब आली तशी वापरायची नाही, आधी तपासायची. सवयच ती.

दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या वर नको. कारण साधं आहे. फट मोठी असेल तर बाळाचं अंग पायाकडून त्यातून घसरतं आणि डोकं अडकतं. टेपनं एकेक फट मोजत बसण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या सुतारमामांकडून ६० मिलिमीटरचा लाकडी ठोकळा कापून आणला आणि प्रत्येक फटीत घालून बघितला. ठोकळा आरपार गेला की फट नापास. एका बाजूच्या चार फटी नापास झाल्या. तिथला एक गज कधीतरी तुटलेला असावा, उरलेले सरकवून बसवलेत.

दुसरी भानगड म्हणजे एक बाजू खाली सरकणारी. सोय म्हणून चांगली, पण खटका झिजला की तीच बाजू खालून सुटते आणि गादीच्या कडेला फट पडते. अमेरिकेत असल्या क्रिबच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे. सुतारमामांनी एक गज वाढवला आणि सरकती बाजू स्क्रूनं कायमची आवळली. "खाली करायची नव्हती तर मग ठेवली कशाला?" असं विचारत दोनशे रुपये घेतले.

१६ जून
आज अवघड काम होतं. सासूबाईंनी क्रिबसाठी कापूस पिंजून गादी करून घेतलीय. सोबत राळ्याची उशी, डोकं गोल व्हावं म्हणून. कडेनं लावायला चार लोडसुद्धा, गज लागू नयेत म्हणून. एकेक टाका हातानं घातलेला.

मी गादीवर तळवा दाबला. खड्डा पडला आणि हात उचलल्यावरही तसाच राहिला. त्या खड्ड्यात ठमीचं तोंड आलं तर तिला मान वळवता येणार नाही. उशी आणि लोड यांचं तेच. बाळाच्या अंथरुणात बाळ आणि ताणून घातलेली चादर, एवढंच हवं.

हे सांगताना माझी जीभ चार वेळा अडखळली. सासूबाई म्हणाल्या, "आमची पाच पोरं ह्याच उशीवर वाढली, वाकडी झाली व्हय?" वाकडी झाली नाहीत. त्यातल्या एकाशी तर मी लग्न केलंय. मी वाद घातला नाही. कडक फोमची गादी आणली, चौकटीत घट्ट बसणारी. कडेला दोन बोटंही जाणार नाहीत अशी. कापसाची गादी आमच्या दिवाणावर गेली. राळ्याची उशी दूध पाजताना माझ्या कोपराखाली असते आणि तिथे ती फार कामाची आहे. सासूबाई दिवसभर कमी बोलल्या.

१७ जून, रात्र
८.४० मांडीवर झोपली. ८.४८ क्रिबमध्ये ठेवली. ८.४९ दोन्ही हात फेकले, डोळे टक्क.
९.२०, तेच. ९.५५, तेच. १०.४०, तेच. ११.३०, तेच. पुढे लिहिलं नाही.

पहाटे तीनला उठले तर हे सोफ्यावर मागे रेलून घोरतायत आणि ठमी छातीवर, अर्धी कलंडलेली. हातपाय गार पडले माझे. जागरणात सगळ्यात धोक्याची जागा हीच. पलंगापेक्षाही सोफा वाईट, कारण बाळ पाठ आणि उशीच्या बेचक्यात घसरतं. नवा नियम: ज्याचे डोळे मिटायला लागले त्यानं दुसऱ्याला उठवायचं. लाजायचं नाही.

१९ जून
मिरजेला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. वजन ६.१ किलो, वाढ छान. कान, छाती, पोट नीट. दुखण्यानं रडत नाही एवढं तरी कळलं.

हात फेकण्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. मागे पडतोय असं बाळाला वाटलं की हात आपोआप पसरतात. चार ते सहा महिन्यांत तो जातो. आम्ही तिला ठेवताना आधी डोकं टेकवत होतो. म्हणजे दर वेळी आम्हीच तिला मागे पाडत होतो! आधी पाय, मग कंबर, मग पाठ, शेवटी डोकं. आणि टेकवल्यावर हात लगेच काढायचे नाहीत.

पाठीवरच झोपवायचं का, हेही विचारलं, कारण विट्यात माझी आई गॅस सुटावा म्हणून दुपारी पालथं घालायची. उत्तर स्पष्ट होतं: रात्री असो की दुपार, झोपेत पाठीवरच. पालथं घालायचं ते जागेपणी, समोर बसून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये हा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची मोठी मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "तुलापण पालथंच घालत होते की." मग थोडं थांबून, "बरं, नाही घालत."

२१ जून
पाय, कंबर, पाठ, डोकं. पाच वेळा ठेवली, तीनदा टिकली. झोप लागल्यावर वीसेक मिनिटं थांबते, तिचा हात उचलून सोडते. दोरी तुटल्यासारखा लुळा पडला की मगच उठते. वीस मिनिटं एका मांडीवर म्हणजे पायाला मुंग्या. पण निळं पेन पहिल्यांदा बाहेर निघालं.

२५ जून
आज दुपारी वही घेऊन बसले. क्रिबमध्ये लागलेल्या एकूण २३ झोपा. त्यातल्या १७ मोडल्या त्या ३५ ते ४५ मिनिटांच्या मध्ये.

मापातला दोष एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येत असेल तर ऑपरेटरला बोलायचं नसतं, मशिनकडे बघायचं असतं. या वयाच्या बाळाच्या झोपेचा एक फेरा पाऊण तासाच्या आसपास असतो. फेरा संपला की झोप पातळ होते. आपलीही होते, आपण कूस बदलतो आणि विसरतो. ठमी विसरू शकत नाही, कारण झोपताना ती हलत्या मांडीवर होती आणि आता सगळं थांबलंय.

जेवताना हे सगळं सांगत होते. ह्यांना पटलं नाही पटलं, सासूबाई मात्र एकदम म्हणाल्या, "यष्टीसारखं की मग. गाडी चालू हाय तवर डुलकी लागती. स्टँडात इंजन बंद झालं की अख्खी गाडी जागी." अगदी तेच! आठवडाभर मी जे बोटांवर मोजत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तेव्हापासून घरात ठमी उठली की "यष्टी थांबली" म्हणायचं.

म्हणजे झोपलेलं बाळ क्रिबमध्ये सरकवण्याचं कसब वाढवून उपयोग नाही. जिथे जाग येणार तिथेच डोळा लागला पाहिजे, तोही हलवणं बंद झाल्यावर. रडत सोडणार नाही, हे आम्हा तिघांत ठरलं. शेजारी बसायचं, हात ठेवायचा, फार रडली तर उचलायचं आणि शांत झाली की परत. आणि एका वेळी एकच बदल, किमान तीन दिवस. दोन बदल एकत्र केले की कशानं काय झालं ते कुणाला कळणार?

२८ जून
चार महिने पूर्ण. रात्री सहा वेळा उठली. या सुमाराला झोपेची घडणच बदलते म्हणे, हलक्या आणि गाढ झोपेचे टप्पे मोठ्यांसारखे व्हायला लागतात. मुहूर्त उत्तम निवडलाय आम्ही.

२ जुलै
थोपटणं.

हे मी करत होते, पण चुकीचं. वरून छातीवर हलक्या टपल्या मारत होते, त्यानं ती उलट खुलायची. सासूबाई दारातून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. "सर बाजूला." त्यांनी तिला किंचित कुशीकडे कललेली धरली, डाव्या तळव्याचा खोलगा केला आणि ढुंगणावर थोपटायला लागल्या. आवाज 'टप टप' नाही, 'धप्प… धप्प' असा, भरलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. सुरुवातीला तिच्या रडण्याच्या वेगानं, मग नकळत सावकाश. तोंडानं नुसतं "हंऽऽ". पाच मिनिटांनी दोन थापांमध्ये एवढं अंतर पडलं की मलाच जांभई आली. मग हात थांबला, पण उचलला नाही. झोप लागल्यावर तिला अलगद पाठीवर सरळ केलं.

ही विद्या कुठल्याच पुस्तकात मला इतकी नेमकी सापडली नव्हती. मी दोन दिवस त्यांच्याकडे शिकले. हे अजूनही पोळपाटावर लाटणं आपटल्यासारखं थोपटतात.

सध्या गादी क्रिबच्या वरच्या पायरीवर आहे, त्यामुळे सासूबाईंना वाकावं लागत नाही. स्टुलावर बसून डाव्या हातानं जमतं. खांद्याचं त्या बोलल्या नाहीत, मीही नाही.

६ जुलै
जागी असताना स्वतःहून कुशीवर वळली. टाळ्या, फोन, फोटो. आणि त्याच दिवसापासून दुपट्यात हात बांधून गुंडाळणं बंद, कारण बांधलेलं बाळ पालथं झालं तर हातावर उठून मान सोडवू शकत नाही. पुढच्या दोन रात्री लाल पेनाच्या. रिकामे हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना, स्वतःच्याच नाकावर मारून घेत होती.

९ जुलै
आठ दिवस संततधार आहे. दुपारी ठीक, पण रात्री आठला ठेवली की पाठ टेकताच किंचाळते. मोरो म्हणावा तर आता ती तेवढी दचकत नाही. दात? इतक्या लवकर? दृष्ट? (मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. त्यानं काही बिघडत नाही, सासूबाईंना झोप लागते.)

आज सहज चादरीवर मनगटाची आतली बाजू टेकवली. गार आणि ओलसर! पंख्याखाली दोरीवर वाळवलेली चादर हाताच्या पंजाला कोरडी लागते, मनगटाला नाही. माझ्या उबेतून उचलून आम्ही तिला रोज संध्याकाळी ओल्या फडक्यावर ठेवत होतो.

सासूबाईंचा उपाय तयार होता: शेगडीवर ओव्याची धुरी करून त्यावर कपडे शेकायचे. ऊब बरोबर, धूर नको. मग इस्त्री. साडेसातला चादर इस्त्री करायची, घालायची, दहा मिनिटं निवू द्यायची, मनगट लावून बघायचं. शिवाय ती चादर आदल्या रात्री माझ्या अंथरुणात, म्हणजे माझा वास तिला लागतो. हे दोन बदल एकत्र झाले. नियम मी केला, मीच मोडला.

रात्री ८.१० ते १२.२५. सलग. निळं.

१३ जुलै
आता रोजचा क्रम असा बसलाय: इस्त्री, अंग पुसणं, दूध, मग मोठा दिवा बंद करून दहा मिनिटं खांद्यावर, आणि डोळे जड पण उघडे असताना क्रिबमध्ये. दूध पिता पिता झोपली तर पायाच्या तळव्याला गुदगुल्या करून थोडी जागी करते. हे ऐकून माझ्या आईनं कपाळाला हात लावला असणार, फोनवर दिसलं नाही.

रात्रीत दोनदा दुधाला उठते, ते राहू दे. पोट भरायला उठणं वेगळं आणि यष्टी थांबली म्हणून उठणं वेगळं. रडण्यातला फरक आता कळतो. चार महिन्यांच्या पुढच्या बाळाला दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास लागतात. वहीप्रमाणे ठमी १३च्या आसपास आहे.

डासांसाठी मच्छरदाणी बाहेरून ताणून बांधलीय, आत लोंबत नाही. कॉइल बंद.

१९ जुलै
रात्री दहाला लाइट गेली. पंखा बंद, आवाज बंद, घामाघूम. सगळी सोसायटी बाल्कनीत. दोन तास ठमीसुद्धा बाल्कनीत. लाल.

२६ जुलै
कृष्णा चढतेय. सांगलीत या दिवसांत कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही, "किती फूट झालं" विचारतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं होतं, त्यामुळे आता इशाऱ्याच्या आधीच लोक बॅगा भरतात. गावभागातल्या मावशी (सासूबाईंची धाकटी बहीण), त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं संध्याकाळी आमच्याकडे आली. सोबत कागदपत्रं, सिलिंडर, एक मांजर.

क्रिबच्या खोलीत आता सात माणसं.

२७ ते ३१ जुलै
नोंद नाही. ठमी या मांडीवरून त्या मांडीवर. मावशींनी दुसऱ्याच दिवशी खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या कडीला साडी बांधून झोळी केली होती. मी सोडायला लावली. त्या म्हणाल्या, "एवढ्या पुरात सुदिक हिची शाळा चालूच." सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या नाहीत. पण झोळीची साडी घडी घालून कपाटात त्यांनीच ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

१ ऑगस्ट
पाणी ओसरलं. मावशींच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं. मंडळी घरी गेली, मांजर एक दिवस जास्त राहिलं.

आज क्रिबमध्ये ठेवल्यावर ठमीनं असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. ४० मिनिटं रडणं, उचलणं, ठेवणं, थोपटणं. मनात म्हटलं, सहा आठवडे वाहून गेले.

३ ऑगस्ट
नाही गेले. काल वीस मिनिटं लागली, आज सहा. दुपारची झोप १ तास २० मिनिटं. मधे पाऊण तासाला जाग आली, मच्छरदाणीकडे बघत मूठ चोखली, परत झोपली. मी दाराआडून बघत होते. फोडणी करपली.

८ ऑगस्ट
हातांवर जोर देऊन छाती उचलते. बसायला लागायच्या आत गादी खालच्या पायरीवर घ्यावी लागणार, नाहीतर कठड्यावरून पडेल. पण गादी खाली गेली की सासूबाईंना वाकून तिला उचलावं लागणार, आणि जिच्यासाठी सगळं केलं ती गोष्टच हातची जाणार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

तूर्त मधली पायरी. पुढचं असं ठरलं: दिवसा जमिनीवर तशीच कडक गादी, तीच चादर, आसपास दोन हात मोकळी जागा. सासूबाईंचे गुडघे शाबूत आहेत, मांडी घालून तासभर बसतात. रात्री क्रिब, कारण रात्री आम्ही आहोत. निळ्या-लाल रंगांत आता तिसरं पेन हवं. हिरवं आणलंय.

१५ ऑगस्ट
रंगीत तालीम. सकाळी साडेआठला घराबाहेर पडले आणि गणपती मंदिराकडे चक्कर मारून साडेअकराला परत आले. घरात फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. दोनदा केला.

ठमी झोपलेली. सासूबाई शेजारी शेंगा निवडत बसलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हळू. यष्टी चालू हाय."

१६ ऑगस्ट
कामावर हजर. खाली आजपासून दिवसाची नोंद सासूबाईंची, हिरव्या पेनात.

९.५० गादीवर. थोपटलं. १०.०५ झोपली. १०.४५ हलली, हात ठेवला, परत झोपली. ११.२० उठली. दूद पिली. हसली.
१.१५ झोपंना. १.४० झोपली. २.२० उठली.
४.३० मांडीवर. खांदा दुकला न्हाई. लिवायचं नव्हतं, लिवलं.